दोऱ्याचं दुसरं टोक

सोनू, तुझ्या मांजरीच्या पिल्लाचा, बर्फीचा फोटो पाहिला. चेहऱ्यापेक्षा कानच मोठे दिसतायत, म्हणजे दोन महिन्यांची असेल नसेल. येताना खेळण्यांची पिशवीभर खरेदी करून आलीस म्हणे. ती पिशवी आज उघडू नकोस. आधी मावशीचं ऐक. मुलुंडच्या या घरात चाळीस वर्षांत अकरा मांजरं वाढली, आणि जी अक्कल आली ती त्यांच्याच जिवावर आली.

माझी ठकी तुला आठवत नसेल, तू तेव्हा बालवाडीत होतीस. चार महिन्यांची होती. लग्नाहून आले, केसातला मोगऱ्याचा गजरा काढून टेबलावर टाकला आणि झोपले. सकाळी घरभर कळ्या. मला हसूच आलं. दोरा कुठे गेला, हे काही मनात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी अंग आखडून मोरीजवळ बसली, माशाकडेही बघेना. डॉक्टरांनी जबडा उघडून जीभ वर केली, तर जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा फास. बाकीचा दोरा आतड्यात गेलेला. त्यांनी मला समजेल असं सांगितलं: परकराच्या नेफ्यातली नाडी ओढली की कापडाला कशा चुण्या पडतात, तशी आतडी दोऱ्यावर गोळा होतात, आणि मग तोच दोरा त्यांना कापत जातो. ऑपरेशन झालं, ठकी वाचली, पुढे बारा वर्षं जगली. गजरा मात्र मी त्या दिवसापासून घातला की रात्री झाकणाच्या डब्यात.

मांजराच्या जिभेवर आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. चाटलं की ती खरखरीत लागते ते त्यामुळेच. तोंडात गेलेला दोरा मांजरांना थुंकताच येत नाही, तो आतच सरकत जातो. म्हणून पिल्लाच्या तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. तसंच उचलायचं आणि डॉक्टर गाठायचा. रात्री-अपरात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटव. आमच्या वेळी उठसूट परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठावं लागे. साकरबाई पेटिटांच्या नावाचं, एकोणिसाव्या शतकातलं. तुमच्या उपनगरांत आता गल्लोगल्ली सोय आहे.

आपल्या घरात तर सण आला की दोरा आलाच. जानेवारीत मांजा. नायलॉनचा मांजा राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंद केला, तरी संक्रांतीनंतर बाल्कनीच्या जाळीत अडकलेला सापडतोच. श्रावणात राख्या, मग गणपतीच्या मखराच्या चमचमत्या झालरी, दिवाळीत आकाशकंदिलाच्या शेपट्या. रोजचं म्हणशील तर मेथीच्या जुडीचं रबर, तुझं केसांचं रबर, आणि दुधाच्या पिशवीचा कापलेला तो एवढासा कोपरा. तो तर ओट्यावरून खाली पडलेला आपल्याला दिसतही नाही. कोपरा पूर्ण कापायचाच नाही, पिशवीला लटकता ठेवायचा.

मग दोऱ्याने खेळवायचंच नाही का? खेळव की! त्याच्यासारखा खेळ नाही. फक्त दोऱ्याचं दुसरं टोक आपल्या हातात हवं. खेळ संपला की दोरा बांधलेली छडी कपाटात, कडी लावून. खुंटीवर नको, बर्फी पडद्यावरून खुंटी गाठेल.

आता ती पिशवी. एकेक खेळणं घे आणि स्वतःच्या नखांनी कुरतडून बघ. उंदराचे डोळे मण्यांचे आणि चिकटवलेले असणार. ते उपटून टाक, आंधळा उंदीर तिला चालतो. पिसं पिनेने टाचलेली असतील तर खेळणं थेट कचऱ्यात. घुंगरू ओढून निघालं तर तेही. आवाज करणारं, उजेड पाडणारं काही असेल तर आतली बटण-बॅटरी स्क्रूच्या झाकणाआड आहे ना ते तपास. ती गिळली तर अन्ननलिका काही तासांत भाजते. आणि चेंडू तोंडात अख्खा मावणारा नको. टेबल टेनिसचा चेंडू 40 मिलिमीटरचा असतो, हलका, टप्पा पडला की टकटक वाजतो. तेवढा बरोबर. चीर पडली की फेकायचा.

खरं सांगू? माझ्या अकराही जणांना सगळ्यात आवडलं ते फुकटचं. मिक्सर आला होता तो खोका, त्याला दोन बाजूंनी भोकं पाडलेली. वाण्याकडची कागदी पिशवी, पण बंद कापून, नाहीतर त्यात मान अडकते. बाबांचा जुना पायमोजा, आत दुसरा मोजा कोंबून गाठ मारलेला. आणि फळीवर घट्ट गुंडाळलेला सुंभ, नखं घासायला. तो मात्र उसवायला लागला की बदलायचा. सगळं एकदम पुढे टाकू नकोस. तीन वस्तू बाहेर, बाकीच्या डब्यात. चार दिवसांनी अदलाबदल केलीस की तिला सगळं नवं.

दुकानदाराने कॅटनिपचं काही गळ्यात मारलं असेल तर राहू दे. एवढ्या लहान पिल्लाला त्याचं काही वाटत नाही, आणि काही मांजरांना तर जन्मभर वाटत नाही. आपल्याकडे खोकली नावाचं तण पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीकडेला उगवतं. ते मुळासकट उपटलं की मुळाच्या वासाने बोके नुसते लोळतात. आमचा माळी ते उपटायला बसला की तीन बोके त्याच्याभोवती. गंमत म्हणून बघ, पण घरात आणून बर्फीला खायला देऊ नकोस.

हाताने खेळवू नकोस. आत्ता ती बोट चावते तेव्हा गुदगुल्या होतात. साडेतीन-चार महिन्यांची झाली की तिचे 26 दुधाचे दात पडायला लागतील आणि मग ती दिसेल ते चावेल. चार्जरची वायर आधी. तेव्हा घट्ट विणीचा फडका ओला करून डीप फ्रीझरमध्ये गार कर, गाठ मारून दे, समोर बसून चावू दे. लेझरचा लाल ठिपका भिंतीवर नाचवायला मजा येते, पण तो कधी हाती लागत नाही. बिचारी चिडचिडी होते. नाचवलासच तर शेवटी ठिपका खाऊच्या तुकड्यावर नेऊन थांबव, आणि डोळ्यांत कधी मारू नकोस.

आणि सातवा मजला! खिडकीच्या ग्रिलमधून पिल्लाचं डोकं गेलं की अंग जातं. खिडकीला बारीक जाळी ठोकून घेईपर्यंत चेंडूचा खेळ आतल्या खोलीतच.

तिन्हीसांजेला बर्फी अंगात आल्यासारखी धावेल. घाबरू नकोस, ती शिकारीची वेळ. इथे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाघाटी आहे. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, वजन जेमतेम दीड किलो. तिला रात्री जे करावं लागतं तेच बर्फी तुझ्या सोफ्यामागे करते: दबा, झडप, चावा. दहा मिनिटं छडी नाचव, ती जमिनीलगत, खुर्चीआड पळव, उंदीर पळतो तशी. मधूनमधून बर्फीला पकडू दे. शेवटची झडप बसली की लगेच वाटीत जेवण. खाईल, तोंड धुईल, झोपेल. मधल्या वेळात तूही जेवून घे.

रविवारी येते. सुंभ आणि फळी मी आणते, तू फक्त खिळे आणून ठेव.