गन बेटावरील धावपट्टी
(इयत्ता चौथी : भूगोल व इतिहास)

हिंदी महासागरात श्रीलंकेच्या नैर्ऋत्येस मालदीव हा प्रवाळबेटांचा देश आहे. त्याच्या अगदी दक्षिण टोकास, विषुववृत्ताच्या थोडे खाली, अड्डू नावाचे कंकणद्वीप आहे. अनेक लहान बेटे कड्यासारखी मांडलेली आणि मध्ये खोल, शांत पाणी, अशी त्याची रचना आहे. या कड्यातील एक बेट म्हणजे गन. तेथे नारळीची झाडे होती, वस्ती होती. लोक मासेमारी करून राहत.

इ. स. १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धाची झळ या भागास लागली. सिंगापूरचा तळ हातचा गेल्यास आरमाराने आसरा कोठे घ्यावा, या विचाराने ब्रिटिशांनी अड्डूच्या शांत पाण्यात गुप्त तळ उभारला व गनवर धावपट्टी बांधली. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर खरोखरच पडले. ५ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला, तेव्हा ब्रिटिश आरमाराचा मोठा भाग तेथे नव्हता. तो अड्डूस इंधन घेण्यास गेला होता. त्या तळाचा जपान्यांना पत्ता नव्हता.

विमानास उडण्यासाठी लांब व सपाट जागा लागते. मोठ्या देशात ती माळावर मिळते. लहान बेटावर मात्र माळ नसतो. जेथे जागा सपाट, तेथेच घरे असतात. १९५७ पासून ब्रिटिश हवाई दलाने गनवर मोठा तळ उभारला आणि धावपट्टीने बेटाची बहुतेक लांबी व्यापली. गनच्या रहिवाशांना शेजारच्या फेयदू बेटावर जावे लागले. त्यांना जागा हवी म्हणून फेयदूच्या लोकांना पुढच्या मरदू बेटावर सरकावे लागले. मरदूवरील त्या वस्तीस आजही ‘मरदू-फेयदू’ म्हणतात. घर सुटले, परंतु गावाचे नाव लोकांनी सोबत नेले.

१९७६ मध्ये ब्रिटिश निघून गेले. तळावर काम करणाऱ्या अनेकांची रोजी बुडाली. मात्र तेथे शिकलेले इंग्रजी व कामाची शिस्त पुढे पर्यटकांच्या निवासांत त्यांच्या उपयोगी पडली. सैन्याची धावपट्टी मुलकी विमानतळ झाली. राजधानी माले तेथून पाचशे किलोमीटरांहून दूर; होडीने तेथे पोहोचण्यास कित्येक दिवस लागत. आता विमानाने हे अंतर काही तासांत कापले जाते.

जी जमीन युद्धाने घेतली, ती अशा रीतीने लोकांच्या सेवेस लागली. पण ती सेवा कोणाच्या अंगणावर उभी आहे, हे विसरता कामा नये.

प्रश्न
१. अड्डूचे पाणी आरमारास सोयीचे का वाटले?
२. एका बेटावरील धावपट्टीमुळे दुसऱ्या बेटावरील लोकांनाही का हलावे लागले?
३. ‘मरदू-फेयदू’ या नावावरून काय समजते?

शिक्षकांस सूचना : शाळेच्या अंगणात बेटांचे कडे आखून मुलांना त्यावर उभे करावे. एका बेटावरील मुलांना दुसऱ्यावर पाठवावे. जागा कशी अपुरी पडते, हे त्यांना आपोआप कळेल. नंतर आपल्या जिल्ह्यात धरणासाठी हललेल्या गावांची माहिती घरच्या वडीलधाऱ्यांकडून विचारून आणण्यास सांगावे.