खेळ, विद्या आणि सेवा : डॉ. तालिमेरेन आओ

ज्याचे मन खेळात रमते त्याला विद्येचे वावडे असते, असा समज पालकांत व कित्येकदा शिक्षकांतही आढळतो. तो दूर करण्यास डॉ. तालिमेरेन आओ यांचे चरित्र वर्गात अवश्य सांगावे.

आओ यांचा जन्म १९१८ साली नागा टेकड्यांतील चांगकी या खेड्यात झाला. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची इच्छा. १९३५ साली ते निवर्तले. मुलाने मात्र ती इच्छा जपली. १९४२ साली ते कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. शिक्षण घेत असतानाच ते मोहन बागान संघातून खेळत. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार होते. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून केवळ २-१ असे हरले.

परतल्यावर आओ कीर्तीत गुंतले नाहीत. १९५० साली त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली. पुढे कोहिमा येथे ते सरकारी डॉक्टर झाले व नागालँड राज्य झाल्यावर तेथील आरोग्य संचालक म्हणून १९७८ पर्यंत त्यांनी काम केले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

पाठ देताना नकाशात कलकत्ता, लंडन व कोहिमा दाखवावे. नंतर मुलांना विचारावे : एवढा नामांकित कर्णधार पुन्हा डोंगराळ मुलखात का गेला? उत्तर शिक्षकाने सांगू नये. मुलांनाच शोधू द्यावे.