प्रभूचें पुनरुत्थान आणि आमचा देह

वाचन : करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय १५, योहान, अध्याय २० व २१.

पुनरुत्थानाच्या सणाचा धडा आम्ही बहुधा एकाच वाक्यांत आटोपतों : येशू मेलेल्यांतून उठला, म्हणून आमचा आत्मा स्वर्गांत जाईल. हें वाक्य खोटें नाहीं. पण तें अर्धेंच आहे, आणि जें अर्धें राहून जातें त्याच्याविषयींच प्रेषितांस अधिक बोलावयाचें होतें. आत्मा टिकतो एवढेंच सांगावयाचें असतें तर कबर रिकामी होण्याची गरज नव्हती. तें या देशांत शुभवर्तमान येण्यापूर्वींही लोक मानीतच होते. वैजापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेनें गोदावरी वाहते. तिच्या पात्रांतील सराला बेटावर कीर्तनास बसणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास विचारा; तो सांगेल कीं देह म्हणजे जुना अंगरखा, तो फाटला कीं टाकावयाचा, आंतला जीव पुढें जातो. अथेनै शहरींचे पंडितही असेंच कांहीं मानीत. पौल देवाविषयीं बोलला तोंपर्यंत त्यांनीं ऐकून घेतलें. मेलेल्यांच्या उठण्याची गोष्ट निघतांच कित्येकांनीं थट्टा केली (प्रेषितांचीं कृत्यें १७). देहासारखी हलकी वस्तु देवानें परत उचलावी, ही कल्पनाच त्यांस अडाणीपणाची वाटली.

तेव्हां या धड्यांत आम्ही एकच प्रश्न घेतों. प्रभु देहानिशीं उठला, याचा आज आमच्या देहाशीं काय संबंध?

प्रथम साक्षीदार पाहूं. करिंथकरांस पौलानें हें पत्र इसवी सन ५५ च्या सुमारास लिहिलें. उठलेल्या प्रभूस पांचशांहून अधिक बंधूंनीं एके वेळीं पाहिलें व त्यांतील बहुतेक अद्याप जिवंत आहेत, असें तो लिहितो. म्हणजे घडलेल्या गोष्टीस त्या वेळीं पंचवीस वर्षेंच लोटलीं होतीं. किल्लारीचा भूकंप १९९३ सालच्या सप्टेंबरांत झाला. त्यास आतां तीस वर्षांहून अधिक काळ झाला, तरी ती रात्र पाहिलेलीं माणसें लातूर व धाराशिव जिल्ह्यांत घरोघर आहेत, आणि कोणी खोटें वर्णन केलें तर तीं तोंडावर सांगतील. पौलाचें पत्र त्याहून जवळच्या अंतरावरचें आहे. शिवाय पहिली साक्ष कोणाची, तर स्त्रियांची. ज्या काळीं यहूदी न्यायसभेंत स्त्रीच्या साक्षीस फारशी किंमत नसे त्या काळीं. खुद्द शिष्यांसही त्यांचें बोलणें वायफळ वाटलें, हें लूकानें लपविलें नाहीं. कोणी कथा रचावयास बसला असता तर त्यानें असे साक्षीदार निवडले नसते.

आतां तो देह कसा होता तें योहानाच्या शुभवर्तमानांत वाचा. मरीयेला तो माळी वाटला. तिचें नांव घेऊन हाक मारतांच तिनें ओळखलें. बंद दारांतून तो आंत आला, म्हणजे आमच्यासारखा केवळ मातीचा देह तो नव्हता. तरी सरोवराच्या कांठीं त्यानें कोळशांचा विस्तव केला, त्यावर मासळी भाजली, आणि रात्रभर जाळें ओढून रिकाम्या हातानें परतलेल्या शिष्यांस न्याहारीस बोलाविलें. आणि थोमाला त्यानें काय दाखविलें? हातांचे व्रण आणि कुशीची जखम. या ठिकाणीं वर्गानें थांबावें. घाई करूं नये. देवानें आपल्या पुत्रास मेलेल्यांतून उठविलें, मरणाची सत्ता मोडली, सर्व कांहीं नवें केलें, पण खिळ्यांच्या खुणा पुसल्या नाहींत. ज्या देहानें सोसलें तोच देह उठला. त्याच्या जागीं दुसरा, न दुखावलेला देह देवानें दिला नाहीं.

आतां आपल्या घरांकडे येऊं. मंडळींतील कोणी वारला म्हणजे उपदेशकापुढें पहिली अडचण उभी राहते ती मयतास जमलेल्या नातलगांची. अर्धे ख्रिस्ती, अर्धे नव्हेत. दहाव्या दिवशीं कायगांव टोक्यास किंवा पुणतांब्यास जावयाचें कीं नाहीं, पिंडास कावळा शिवला नाहीं तर जीव अडकला असें समजावयाचें काय, असे प्रश्न अंगणांतच निघतात. शेजाऱ्यांच्या रीतीची अशा वेळीं थट्टा करूं नये. तीही मायेपोटींच चालत आली आहे. आमच्या लोकांस उत्तर मात्र स्पष्ट द्यावें. मेलेल्याची पुढील वाट मागें राहिलेल्यांच्या विधीवर अवलंबून नाहीं. तो प्रभूच्या हातीं आहे, आणि प्रभु स्वतः त्या वाटेनें जाऊन परत आला आहे. कर्ज काढून दहावें-तेरावें घालण्याचें ओझें या एका गोष्टीनें गरीब घरावरून उतरतें. (कित्येक ठिकाणीं तेंच जेवण 'स्मरणाची उपासना' या नांवानें परत आलें आहे, आणि त्याबरोबर कर्जही. नांव बदलल्यानें सावकाराचें व्याज कमी होत नाहीं.)

दुसरी गोष्ट रडण्याची. विश्वासणाऱ्यानें रडूं नये, रडणें हा अविश्वास होय, असें सांगणारे उपदेशक आम्हीं ऐकले आहेत. हें शिक्षण त्यांनीं कोठून घेतलें तें कळत नाहीं. लाजाराच्या कबरेपाशीं प्रभु रडला, आणि घटकाभरांत आपण त्यास उठविणार हें ठाऊक असतां रडला. पौलानें थेस्सलनीकाकरांस शोक करूं नका असें लिहिलें नाहीं. ज्यांस आशा नाहीं त्यांच्यासारखा करूं नका, एवढेंच लिहिलें. ज्या आईचें लेंकरूं गेलें तिला रडूं द्या. तिच्याजवळ बसा. अध्याय वाचण्यास दुसऱ्या दिवशींही वेळ असतो.

तिसरी गोष्ट विधवेची, आणि ती लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. नवरा वारला कीं बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें, शुभकार्यांत पुढें येऊं न देणें, हें अद्याप कांहीं ख्रिस्ती घरांतूनही चालतें. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें ठराव करून ही प्रथा आपल्या गांवीं बंद केली, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारानें इतर ग्रामपंचायतींस तसेंच करण्यास सुचविलें. ज्या प्रभूनें आपल्या पुनरुत्थानाचा निरोप प्रथम एका शोक करणाऱ्या स्त्रीच्या तोंडीं घातला, त्याच्या मंडळ्यांनीं हें काम त्या ग्रामपंचायतीच्या कितीतरी आधीं करावयास हवें होतें.

पुरावें कीं जाळावें, हाही प्रश्न येतो. विशेषतः जेथें ख्रिस्ती लोकांस दफनभूमि नाहीं, किंवा दुष्काळानें जमीन अशी कठीण झाली आहे कीं पहार लागत नाहीं, तेथें. आमची रीत पुरण्याची आहे, ती चांगली आहे, व प्रभूचा देहही कबरेंत ठेविला गेला होता. परंतु जाळल्यानें उठणें अडेल ही भीति निराधार आहे. इसवी सन १७७ मध्यें आतांच्या फ्रान्स देशांतील लियोन शहरीं ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. छळणाऱ्यांनीं हुतात्म्यांचीं प्रेतें जाळून राख रोन नदींत लोटली, ती अशासाठीं कीं यांस उठण्याची आशाच उरूं नये. त्या मंडळीनें तें सोसलें, पण आशा सोडली नाहीं. आमच्याकडेही रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ सालच्या मे महिन्यांत मुंबईस वारले तेव्हां त्यांच्या स्वतःच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहाचें दहन झालें, आणि अस्थि अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) नेऊन ठेविल्या. पुनरुत्थानावर त्यांचा विश्वास उणा होता असें कोण म्हणेल? ज्यानें मातीपासून माणूस केला त्याला राख ही अडचण नाहीं.

पौल येथें बियाण्याचा दृष्टांत घेतो, आणि तो शहरांतल्यापेक्षां आमच्या वाचकांस अधिक कळेल. जें पेरितों तेंच रूप वर येत नाहीं. टपोरा दाणा मातींत नाहींसा होतो आणि हिरवा कोंब येतो. तरी बाजरी पेरली तर बाजरीच उगवते. मृगाच्या भरंवशावर ज्यानें धूळपेरणी केली आहे, आणि पंधरा-पंधरा दिवस कोऱ्या आभाळाकडे पाहिलें आहे, त्याला बीं जमिनींत असतांचा काळ कसा असतो हें कोणीं शिकवावयास नको. आमच्या दफनभूमींतील माणसें त्या काळांत आहेत. फरक इतकाच कीं पाऊस पडेल कीं नाहीं हें शेतकऱ्यास ठाऊक नसतें. येथें पहिली जुडी घरीं आलेली आहे. ख्रिस्त हा प्रथमफळ, असें पौल म्हणतो तें याच अर्थानें.

मेलेल्यांच्या देहाविषयीं इतकें झालें. जिवंतांच्या देहाचें काय? जो देह देव एके दिवशीं उठविणार आहे, त्याची आज आम्ही कशी व्यवस्था ठेवितों?

मराठवाड्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या पुनरुत्थानाच्या सणाच्या आगेंमागें परततात. मुकादम उचल देतो ती माणसांवर देत नाहीं, कोयत्यावर देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. एक दिवस अंग दुखलें, खाडा झाला, तर पैसे कापले जातात. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांत ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांपैकीं फार मोठ्या संख्येनें स्त्रियांच्या गर्भपिशव्या शस्त्रक्रिया करून काढल्या गेल्याचें उघडकीस आलें, आणि राज्य सरकारास चौकशीसाठीं समिति नेमावी लागली. कित्येकींनीं ती शस्त्रक्रिया खाडा होऊं नये म्हणून करून घेतली होती. कोयता बोथट झाला तर त्यास धार लावितात; बाईचें शरीर दुखूं लागलें तर त्याचा दुखणारा भाग कापून टाकावा, असा हा हिशेब आहे. शरीर हें केवळ हत्यार, असें एकदां मानलें कीं येथपर्यंत येण्यास फार वेळ लागत नाहीं. आणि शरीर हा टाकावयाचा अंगरखा आहे, खरें महत्त्व आत्म्याचें, असें जर आमचे उपदेशकही शिकवूं लागले, तर मुकादमास त्यांच्याकडून कसलीच हरकत ऐकूं येणार नाहीं.

प्रभूच्या हातांवर व्रण राहिले. उसाच्या पात्यांनीं चिरलेले, कोयत्याच्या मुठीनें घट्टे पडलेले हात तो ओळखतो. अशा हातांस तुच्छ मानण्याचा, किंवा त्यांच्या जातीवरून त्यांचें पाणी वेगळें व मसणवटा वेगळा ठेवण्याचा अधिकार कोणासही नाहीं. मंडळींतल्या मानकऱ्यासही नाहीं.

एक गोष्ट वाचतांना सहज निसटते, ती उपदेशकांनीं लक्षांत घ्यावी. पौलाच्या पत्रांत मुळांत अध्यायांचे आंकडे नव्हते. ते पुष्कळ शतकांनंतर घातले गेले. पंधरावा अध्याय संपतो तो तुमचे श्रम प्रभूमध्यें फुकट जात नाहींत या आश्वासनानें, आणि लागलेंच पुढलें वाक्य यरुशलेमेंतील गरीब बांधवांसाठीं वर्गणी कशी जमवावी याविषयीं आहे. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशीं, म्हणजे प्रभु उठला त्याच वारीं, प्रत्येकानें आपापल्या मिळकतीप्रमाणें कांहीं बाजूस ठेवावें, असें तो सांगतो. मरणाचा पराजय आणि वर्गणीची पेटी यांच्यामध्यें त्यानें श्वासही घेतला नाहीं.

म्हणून या सणास पंधरावा अध्याय वाचाल तेव्हां सोळाव्याचीं पहिलीं चार वचनें त्याला जोडूनच वाचा. जीं कुटुंबें अद्याप फडावर असतील त्यांच्याकडे उपदेशकानें सणानंतरच्या आठवड्यांत जावें, योहानाचा एकविसावा अध्याय कोपीपुढें बसून वाचावा, आणि भाकरी तेथेंच खावी. त्या दिवशींची वर्गणी किती जमली तें मंडळीस वाचून दाखवावें, व परतलेल्या बहिणींपैकीं ज्यांचें दुखणें अंगावर काढणें चाललें आहे त्यांस वैजापूरच्या सरकारी रुग्णालयांत नेण्या-आणण्याचें भाडें त्यांतून द्यावें. त्यांच्याबरोबर मंडळींतील एका बाईनें जावें.