खुर्ची रिकामी, सही मात्र चालू

कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन जवळ आला की हॉस्टेलवर जी.के.ची पुस्तकं या खोलीतून त्या खोलीत फिरायला लागतात. त्यातला एक प्रश्न ठरलेला आहे. राष्ट्रपतींचं पद अचानक रिकामं झालं तर त्यांच्या जागी कोण? उत्तर सगळ्यांना पाठ : उपराष्ट्रपती. एक मार्क मिळाला, चला पुढे. पण खरा प्रश्न या उत्तराच्या पुढे सुरू होतो आणि तो गाईडमध्ये नसतो, म्हणून हा लेख. (शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे 'अॅक्टिंग प्रेसिडेंट' हा शब्द मला आधी भेटला आणि 'हंगामी राष्ट्रपती' बऱ्याच उशिरा. 'हंगामी' म्हटलं की मला अजूनही आधी आंबे आठवतात.)

आता घटना काय म्हणते ते पाहू. मृत्यू, राजीनामा, महाभियोग किंवा इतर कोणत्याही कारणाने राष्ट्रपतिपद रिकामं झालं, तर कलम ६५ प्रमाणे उपराष्ट्रपती हे राष्ट्रपती 'म्हणून काम पाहतात'. ते राष्ट्रपती 'होत' नाहीत. फरक छोटा वाटतो, पण आहे मोठा. अमेरिकेत १९७४ साली निक्सन यांनी राजीनामा दिला आणि जेराल्ड फोर्ड सरळ राष्ट्राध्यक्ष झाले. उरलेली टर्म त्यांनी पूर्ण केली, आणि गंमत म्हणजे ते ना अध्यक्ष म्हणून निवडून आले होते, ना उपाध्यक्ष म्हणून. आपल्याकडे असं होऊ शकत नाही. कलम ६२ सांगतं की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. आणि जो निवडून येईल त्याला उरलेली टर्म नाही, तर नवी कोरी पाच वर्षं मिळतात. मुदत संपूनही नवा माणूस आला नसेल तर जुने राष्ट्रपतीच पुढे काम पाहतात, म्हणजे तिथे खुर्ची रिकामी पडण्याचा प्रश्नच नाही.

मग हंगामी राष्ट्रपतींचे अधिकार कमी असतात का? अजिबात नाही. आपल्या हॉस्टेलचा जनरेटर आठवा. लाईट गेली की तो थोडाच वेळ चालतो, पण जोवर चालतो तोवर व्होल्टेज पूर्ण २३० देतो. (निदान द्यायला हवा.) हंगामी राष्ट्रपतींना पगार, अधिकार, संरक्षण सगळं राष्ट्रपतींचंच मिळतं. तेवढ्या काळात त्यांना राज्यसभेचं सभापतिपद मात्र सांभाळता येत नाही.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली १९६९ साली. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन पदावर असतानाच वारले. अशी घटना पहिल्यांदाच घडत होती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. पण आता उपराष्ट्रपतीही नसतील तर? घटनेत याचं उत्तर नव्हतं. कलम ७० मध्ये एवढंच म्हटलं होतं की अशा न कल्पिलेल्या प्रसंगासाठी संसदेने काय ती तरतूद करावी. १९५० पासून ती जागा कोरीच राहिली होती. झाकीर हुसेन गेल्यावर पंचवीस दिवसांत, २८ मे १९६९ ला कायदा आला : राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती ही दोन्ही पदं रिकामी असतील तर सरन्यायाधीश काम पाहतील, आणि ते नसतील तर सुप्रीम कोर्टाचे उपलब्ध असलेले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश.

आणि दोन महिन्यांच्या आत या कायद्याची गरज पडलीसुद्धा! गिरींना राष्ट्रपतिपदाची निवडणूक अपक्ष म्हणून लढवायची होती. १९ जुलैला त्यांनी हंगामी राष्ट्रपती या नात्याने एका वटहुकमावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. आता इथे एक कोडं बघा. घटनेप्रमाणे राष्ट्रपती राजीनामा देतात तो उपराष्ट्रपतींना, आणि उपराष्ट्रपती देतात तो राष्ट्रपतींना. गिरी तर एकाच वेळी दोन्हीकडे होते! कलमं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा प्रसंग नक्कीच आला नसणार.

गिरींच्या जागी आले सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि पुढे नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश, म्हणजे आपल्या विदर्भाला ओळखीचा माणूस. २० जुलै ते २४ ऑगस्ट असे जेमतेम पाच आठवडे ते राष्ट्रपतींच्या जागी होते. त्या पाच आठवड्यांत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीला येऊन गेले, त्यांचं स्वागत हिदायतुल्लांनी केलं.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती गिरींनी जाता जाता केलेली सही. तो वटहुकूम चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा होता. त्या चौदांत आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. वटहुकमावर एका हंगामी राष्ट्रपतीची सही झाली, आणि त्याच विषयाच्या विधेयकावर ९ ऑगस्टला दुसऱ्या हंगामी राष्ट्रपतीची, म्हणजे हिदायतुल्लांची. देशाच्या पैशाचा एवढा मोठा निर्णय, आणि दोन्ही सह्या 'जनरेटर'वरच्या!

पुढे हा कायदा सुप्रीम कोर्टात गेला. २४ ऑगस्टला गिरी निवडून आलेले राष्ट्रपती म्हणून शपथ घेऊन बसले होते आणि हिदायतुल्ला पुन्हा सरन्यायाधीश झाले होते. आता ज्या कायद्यावर स्वतः सही केली तोच कायदा त्यांनी तपासायचा का? अकरा न्यायाधीशांचं पीठ बसलं, त्यात हिदायतुल्ला नव्हते. १० फेब्रुवारी १९७० ला दहा विरुद्ध एक अशा मताने कोर्टाने तो कायदा रद्द केला. चार दिवसांनी सरकारने नवा वटहुकूम काढला आणि त्यावर सही पुन्हा गिरींची, या वेळी पक्के राष्ट्रपती म्हणून.

माझ्या मते आपल्या व्यवस्थेची कच्ची बाजू इथेच दिसते. सरन्यायाधीश निष्पक्ष म्हणून त्यांना राखीव ठेवलं हे समजण्यासारखं आहे. पण कायद्यावर सही करणारा हात आणि कायदा तपासणारा हात एकाच माणसाचा झाला तर पंचाईत होते. त्या वेळी ती निभावली गेली, पण १९६९ च्या कायद्यात तिच्याबद्दल काही लिहिलेलं नाही. (हिदायतुल्लांचा योग असा की १९८२ मध्ये ते उपराष्ट्रपती असताना ग्यानी झैलसिंग उपचारासाठी अमेरिकेला गेले आणि राष्ट्रपतींचं काम पुन्हा त्यांच्याकडेच आलं.)

१९७७ चा प्रसंग त्या मानाने साधा. ११ फेब्रुवारीला फक्रुद्दीन अली अहमद वारले, उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती यांनी काम पाहिलं, आणि २५ जुलैला, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, नीलम संजीव रेड्डी आले. पण मधल्या साडेपाच महिन्यांत देशात काय काय झालं बघा : निवडणूक, आणीबाणीचा शेवट, मोरारजीभाईंचा शपथविधी आणि नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा आदेश. त्या शेवटच्या सहीसाठी जत्तींनी लगेच पेन उचललं नाही, थोडं थांबूनच ३० एप्रिलला सही केली. हंगामी माणूस म्हणजे नुसता रबर स्टँप नव्हे, एवढं त्यावरून कळतं.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीला सहा महिन्यांची मर्यादा आहे, पण उपराष्ट्रपतींच्या रिकाम्या जागेसाठी घटना फक्त 'शक्य तितक्या लवकर' म्हणते. २१ जुलै २०२५ ला जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला आणि सी. पी. राधाकृष्णन यांनी शपथ घेतली १२ सप्टेंबरला. मधले पावणेदोन महिने देशाला उपराष्ट्रपती नव्हते. म्हणजे त्या काळात राष्ट्रपतिपदही रिकामं झालं असतं, तर १९६९ चाच कायदा बाहेर काढावा लागला असता.

राधाकृष्णन तोवर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. ते दिल्लीला गेल्यावर इथली खुर्ची रिकामी झाली. 'उपराज्यपाल' म्हणून लगेच कुणी पुढे येईल, तर आपल्या राज्यात तसं पदच नाही. राज्यपालांच्या बाबतीत घटनेने सगळं राष्ट्रपतींवर सोडलं आहे, आणि राष्ट्रपतींनी गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार दिला.