उपपत्ती आणि उपयुक्तता : कोसबाडचा दाखला

शिक्षणविषयक प्रबंधांत पुष्कळदा पहिल्या प्रकरणात उपपत्ती उरकली जाते आणि अखेरच्या प्रकरणात शिफारशी येतात. दोहोंची गाठ पडतच नाही. उपपत्तीला कंटाळलेले अभ्यासक मग ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्याकडे निव्वळ उपयुक्ततेचा आदर्श म्हणून बोट दाखवतात. ही साक्ष मात्र त्यांच्या बाजूची नव्हे. १९४५मध्ये बोर्डीस सुरू झालेले आणि १९५७मध्ये कोसबाडला गेलेले हे कार्य माँटेसरींच्या उपपत्तीखेरीज आकाराला आलेच नसते. महागडी साधने आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, खडे आले. परंतु बी हे ‘साधन’ केव्हा ठरते? आकार, वजन, संख्या यांतील भेद मुलाला स्वतः हाताळून उमगावा, हे सूत्र शिक्षिकेपाशी असेल तेव्हाच. एरवी ते बीच राहते. या पालटात उपपत्तीचीही पारख झाली. क्रमबद्ध स्वयंक्रिया हा तिचा गाभा ठरला, लाकडी संच आनुषंगिक ठरले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली, ती ‘कुरणशाळा’. बालकासाठी सिद्ध केलेल्या वातावरणाला भिंती आवश्यक आहेत काय, हा मूलगामी प्रश्न उपपत्तीला तेथे, त्या कुरणात विचारला गेला.