संगणकाचेही बेणे राखून ठेवा



गळीत हंगाम आटोपला की कारखान्यात दुरुस्तीची कामे निघतात. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, पंपांची बेअरिंगे बदलली जातात. ऐन हंगामात खोळंबा नको म्हणून सुटे भाग आधीच भांडारात आणून ठेवलेले असतात. पण वजनकाट्यावरच्या संगणकाचे काय? उसाचे वजन, ऊसबिल, तोडणी-वाहतुकीची कपात, भागांची नोंद, सगळे त्याच्या पोटात. तो एके दिवशी सकाळी उघडलाच नाही तर? आज पुष्कळ सभासदांच्या घरी, दुकानात, मुलांच्या वर्कशॉपमध्येही संगणक आहे. म्हणून या अंकात हा धडा घेत आहोत.

प्रथम एक फरक ध्यानात घ्यावा. संगणकात तीन गोष्टी असतात : यंत्र, आपली माहिती आणि या दोहोंमध्ये काम करणारी ऑपरेटिंग सिस्टिम. ही सिस्टिम म्हणजे ऊसतोडणीच्या टोळीचा मुकादम समजा. मजूर हजर, कोयते हजर, फडात ऊस उभा. पण मुकादमच आजारी पडला तर कोणी कोणती सरी धरायची हे सांगणार कोण? सिस्टिम बिघडली की नेमके असेच होते. यंत्र धड असते, माहितीही बहुधा जागेवर असते, पण काम हलत नाही. म्हणून 'संगणक गेला, सगळं गेलं' असे म्हणून कपाळाला हात लावण्याचे कारण नाही. आणि घाई करण्याचे तर मुळीच नाही.

ही घाई कशी अंगाशी येते, ते आम्ही वसईला पाहिले. आमच्या एका सभासदांचे चिरंजीव वसई पूर्वेला लहानसे वर्कशॉप चालवतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार भागात पावसाने कहर केला. १० जुलैला नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या थांबल्या, वसईच्या मिठागरांत माणसे अडकून पडली, बऱ्याच भागांत वीज नव्हती. पाणी ओसरल्यावर या मुलाचा आम्हाला फोन आला.

"काका, मशीन सुरू होतंय, पण निळा पडदा येतो आणि परत पहिल्यापासून. टेबलावर होतं, भिजलं नाही. लाइट मात्र दहा वेळा गेली-आली."

"बॅकअप आहे का?"

"आहे ना, मार्चअखेरचा. पूर्ण इमेज घेतलेली आहे. लावू का लगेच?"

"थांब! कशाला हात लावू नको. आम्ही येतो."

आम्ही 'थांब' का म्हणालो? इमेज म्हणजे त्या दिवशीच्या संपूर्ण डिस्कचा ठसा. तो परत उमटवला की आज डिस्कवर जे आहे ते पुसून जाते आणि मार्चअखेरचे चित्र परत येते. मग एप्रिल ते जुलैची बिले, येणी-देणी कुठे राहिली? जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची २० तारीख तोंडावर होती. मुलाने त्या रात्री बॅकअप लावला असता, तर संगणक चालू झाला असता आणि साडेतीन महिन्यांचा धंदा गेला असता.

आम्ही तेथे जाऊन जे केले, ते क्रमाने देतो. हाच क्रम सर्वांनी पाळावा.

पहिले काम, चालू माहिती बाहेर काढणे. उबुंटूसारखी लिनक्स सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच चालते, मूळ डिस्कवर काही लिहीत नाही. तिच्या साहाय्याने बिलांचे सर्व फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवले आणि चार-दोन बिले उघडून पाहिली. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र हा खटाटोप घरी करू नये, जाणकाराकडे द्यावी. यंत्र भिजले असेल, तर नीट वाळून तपासल्याखेरीज वीज जोडू नये.

दुसरे, सौम्य उपाय. विंडोजच्या दुरुस्ती-पेनड्राइव्हवरून 'स्टार्टअप रिपेअर' करून पाहावे. न जमल्यास 'सिस्टिम रिस्टोअर'ने सिस्टिमला आधीच्या एखाद्या तारखेवर न्यावे. यात आपल्या कागदपत्रांना धक्का लागत नाही. मात्र त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्राम निघून जातात. आमच्या मित्राकडे दुरुस्तीचा पेनड्राइव्हच नव्हता. शेजारच्या गाळ्यातल्या तशाच संगणकावर तो करून घेतला. दोन्ही उपाय केले, गुण आला नाही.

तिसरे, इमेज परत लावणे. बॅकअपची डिस्क जोडली तर संगणक म्हणतो, 'इमेज सापडत नाही.' मुलाचा चेहरा उतरला. पाहतो तो बॅकअपचे फोल्डर कोणीतरी आवराआवर करताना 'जुने' नावाच्या दुसऱ्या फोल्डरात सरकवलेले. हे फोल्डर डिस्कवर अगदी वरच्या पातळीला आणि मूळ नावानेच असावे लागते. जागेवर ठेवले आणि काम सुरू झाले. नवी डिस्क घालणार असाल, तर ती जुनीपेक्षा लहान चालत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

चौथे, बाहेर काढलेली बिले परत आत घालणे आणि ताळा पाहणे. शेवटच्या बिलाचा नंबर कागदी बिलबुकाशी जुळला, तेव्हा कोठे चहा घेतला.

तो संगणक विंडोज ७ चा होता. त्या सिस्टिमला कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणा १४ जानेवारी २०२० ला थांबल्या. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. इमेज घेण्याची सोय मात्र १० आणि ११ मध्येही कंट्रोल पॅनेलमध्ये आहे. नव्या संगणकांत डिस्क बरेचदा बिटलॉकरने कुलूपबंद असते. त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवावी. ऐन वेळी ती नसेल, तर बॅकअप असूनही अडचण होते.

आता बेण्याची गोष्ट. आपण बेणेमळा वेगळा राखतो, तो उभ्या फडाला काही झाले तरी पुढची लागण अडू नये म्हणून. पण काणी लागलेलेच बेणे लावले तर रोगही सोबत येतो. तसेच संगणकाचे. व्हायरस शिरल्यानंतर घेतलेला बॅकअप व्हायरसच परत आणतो. म्हणून एकच नव्हे, वेगवेगळ्या तारखांच्या प्रती ठेवाव्यात.

आणि बेणेमळा फडाला लागून नसावा. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या घातकी प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक निकामी केले. आपल्या न्हावा-शेवा बंदरातले त्यांच्या समूहाचे टर्मिनलही अडकले. कोणाला कुठल्या संगणकावर प्रवेश द्यायचा, ही नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते. एक गेला तर दुसरा आहे, असा भरवसा. पण सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळेच एकदम गेले. वाचला फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातला एक. कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती! त्या एका प्रतीच्या आधारे कंपनीने दहा दिवसांत सुमारे ४५,००० संगणक पुन्हा उभे केले. वसईत विजेने घात केला, घानात विजेच्या जाण्याने तारले. आपण मात्र नशिबावर राहू नये. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत, पाणी पोहोचणार नाही अशा जागी असावी.

तात्पर्य सांगतो. माहितीची प्रत रोज, संपूर्ण इमेज निदान तीन महिन्यांनी, दुरुस्तीचा पेनड्राइव्ह आजच. आणि सर्वांत महत्त्वाचे, हंगामाआधी जशी मिलची चाचणी घेतो तशी बॅकअपचीही घ्यावी. एखाद्या जुन्या संगणकावर तो लावून पाहावा. लावून पाहिला नाही तो बॅकअप म्हणजे उगवण न पाहिलेले बेणे.

आमच्या विभागाने या बंद हंगामात वजनकाट्याच्या संगणकाची अशी चाचणी घ्यायचे ठरवले आहे. सभासदांनीही घरी एक रविवार यासाठी काढावा. काही अडले तर कार्यालयात यावे, संकोच करू नये.