पानथरीतली चरबी तुपाची नव्हे

मुलाचं पोट पुढे आलंय, डाव्या बरगडीखाली पानथरी हाताला लागते, जरासं आपटलं की काळंनिळं पडतं आणि रिपोर्टात प्लेटलेट कमी. अशा वेळी डॉक्टर आधी मलेरिया, यकृताचे विकार, रक्ताचा कॅन्सर तपासतात, ते योग्यच. पण त्यात काही सापडलं नाही आणि पानथरी वाढतच राहिली, तर गोशे आजाराचं नाव तुम्ही स्वतः काढा. पेशींत चरबी साठण्याचा हा जन्मजात आजार. एवढं कळलं की घरात पहिली गदा येते ती तुपावर, आणि ती उगाच. ही चरबी ताटातून येतच नाही. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. थकलेल्या पेशी पानथरीतल्या भक्षक पेशी गिळतात आणि लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्यांत फोडून टाकतात. गोशेच्या रुग्णात पेशींच्या आवरणातला एक स्निग्ध पदार्थ फोडणारं एन्झाइमच अपुरं असतं. भक्षक पेशी मग तो न पचलेला माल घेऊन फुगते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा गर चुरगळलेल्या पातळ कागदासारखा दिसतो. फिलिप गोशे यांनी 1882 साली अशा पेशी पाहिल्या तेव्हा त्यांनाही हा पानथरीचा कॅन्सरच वाटला होता. एन्झाइमचा दोष उमगायला 1965 साल उजाडलं.

‘इतका दुर्मीळ आजार, तपासायचा कशाला?’ कारण थोड्याशा रक्तात एन्झाइम मोजता येतं, आणि न मोजता पानथरी काढली तर प्लेटलेट वाढतात खऱ्या, पण साठवणुकीचा भार यकृतावर आणि हाडांवर जातो. खुब्याचं हाड रक्ताविना झिजलं की मूल लंगडू लागतं. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला पुरता खोडता येत नाही. एन्झाइमचं सलाइन दर पंधरवड्याला, जन्मभर लागतं. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे 2021 च्या दुर्मीळ आजारांसाठीच्या राष्ट्रीय धोरणातली 50 लाखांपर्यंतची मदत वाढत्या मुलाला फार काळ पुरत नाही. शिवाय हे औषध मेंदूत पोचत नाही. तरी निदान हवंच, कारण आईवडील दोघंही वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. ती गर्भावस्थेतच तपासता येते. मुंबईचं केईएम रुग्णालय या धोरणातलं मान्यताप्राप्त केंद्र आहे, तिथे चौकशी करा. तोवर मुलाला कबड्डी-कुस्ती नको, आणि हाडं दुखली तरी अ‍ॅस्पिरिन नको.